थिसिसमधे आयएल-६ घेतेस तर आधी हे वाच

बेटा,

मेसेज पाहिला. बायपोलरच्या मॅनियात, म्हणजे मूड अति चढलेल्या अवस्थेत, ॲडमिट झालेल्यांचे आयएल-६, टीएनएफ-अल्फा अन् सीआरपी हे रक्तातले इन्फ्लमेशनचे (शरीरातल्या सुजेचे) मार्कर मोजायचे, मूड स्थिर ठेवणारं लिथियम सुरू करायचं, सहा आठवड्यांनी परत मोजायचे अन् आकडे खाली आले की लिथियमनं इन्फ्लमेशन कमी केलं असं लिहून मोकळं व्हायचं, हाच प्लॅन ना? विषय चांगला आहे, पण यातली शेवटची उडी फार लांबची आहे, तिच्याबद्दलच लिहून राहिली आहे.

इम्यून सिस्टिमचा मूडशी संबंध आहे, यात मला शंका नाही. हिपॅटायटिस सीसाठी इम्यून सिस्टिम चेतवणाऱ्या इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं चालायची तेव्हा मनानं ठणठणीत माणसं डिप्रेशनमधे जायची. मॅनियात सीआरपी, आयएल-६ ची सरासरी जास्त निघते हेही बऱ्याच अभ्यासांत आलंय. पण ती गटाची सरासरी आहे गं. डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया, लठ्ठपणा, डायबिटीस सगळ्यांतच हे थोडंथोडं वाढतं, त्यामुळे नुसता रिपोर्ट पाहून हा बायपोलर आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला चहा पाज अन् विषय बदल.

आता बॅचमेटनं सुचवलेला तो शॉर्टकट, सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीतून, न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशी), म्हणजे एनएलआर, इन्फ्लमेशनचा अंदाज घ्यायला. किट लागत नाही, फुकटात होतं, म्हणून साऱ्यांना आवडतं. पण लिथियम स्वतःच न्यूट्रोफिल वाढवतं, इन्फेक्शन नसतानाही. स्किझोफ्रेनियाच्या क्लोझापिननं पांढऱ्या पेशी घसरल्या तर त्या वर आणायला काही जण मुद्दाम लिथियम देतात, इतका हा परिणाम जुना अन् माहितीतला. कार्बामाझेपिनचं उलट, त्यानं काउंट खाली येऊ शकतो. म्हणजे मूड स्टॅबिलायझर दोन, दोघांचेही पेशंट सुधारले, अन् एकाचे न्यूट्रोफिल वर तर दुसऱ्याचे खाली. मग काय लिहिणार तू, एकात इन्फ्लमेशन वाढलं अन् दुसऱ्यात कमी झालं? एनएलआर घ्यायचंच असेल तर औषधं सुरू व्हायच्या आधीचं घे अन् फॉलोअपला औषधानुसार गट वेगळे ठेव.

प्रोफॉर्मात, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मात, 'स्मोकिंग: हो/नाही' एवढंच टाकलंयस. नागपुरात बसून? पेशंट म्हणेल बिडी नाही, सिगरेट नाही, अन् शर्टाच्या खिशात पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा असेल, हिरड्या सुजलेल्या, तोंड धड उघडत नाही. हिरड्यांच्या त्या दुखण्यानंही सीआरपी वाढतो. तेव्हा खर्रा दिवसाला किती, किती वर्षांपासून, असा कॉलम कर अन् टॉर्च लावून तोंडात पाहा. वजन अन् कंबर दोन्ही वेळा मोज, कारण मॅनियात देतात त्या ओलान्झापिननं सहा आठवड्यांत वजन चढतं अन् चरबी स्वतःच आयएल-६ बनवते. झोपही लिही. मॅनियाचा पेशंट कित्येक रात्री जागलेला असतो, नुसत्या जागरणानं हे मार्कर हलतात, मग नंतर आकडा उतरला तो लिथियमनं की झोप लागली म्हणून? अन् सीआरपी १० च्या वर आला तर आधी ताप-खोकला-डेंगू पाहा, तो आकडा मूडच्या खात्यात टाकू नको.

रक्तातली लिथियम लेव्हल पाहायला हिरव्या झाकणाची ट्यूब वापरू नको, त्यात लिथियम हेपॅरिन असतं, पेशंटनं गोळी गिळलेली नसली तरी लेव्हल भरपूर दिसते. लाल झाकणाची घे, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळी. आयएल-६ ही दिवसभरात वरखाली होतं, म्हणून दोन्ही व्हिजिटला सकाळचीच वेळ पकड. आयएल-६ मोजायच्या एलिसा टेस्टची प्लेट ९६ वेलची (खाचांची), स्टँडर्डमधे, म्हणजे माहीत मात्रेच्या नमुन्यांत, १६ गेले की डुप्लिकेटनं, म्हणजे प्रत्येक दोनदा लावून, ४० सॅम्पल बसतात. एकाच पेशंटची दोन्ही सॅम्पल एकाच प्लेटवर लाव, नाहीतर प्लेटमधला फरकच रिझल्ट म्हणून छापशील.

इन्फ्लमेशन उतरवलं की बायपोलर बरा, या भरात तर जाऊच नको. पाकिस्तानात बायपोलर डिप्रेशनवर नेहमीच्या औषधांना इन्फ्लमेशन उतरवणारी मिनोसायक्लिन अन् सेलेकॉक्सिब जोडून ट्रायल झाली, २०२० मधे छापून आली, फायदा दिसला नाही. २०१९ च्या, टीएनएफ रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबच्या ट्रायलमधेही पूर्ण गटात फरक नाही, लहानपणी मारहाण सोसलेल्यांत तेवढं काही दिसलं. मला तर हे शेवटचंच जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

सेलेकॉक्सिबवरून आठवलं. तो काय, ब्रुफेन काय, डायक्लो काय, सगळे लिथियमची लेव्हल वाढवतात. तुझा फॉलोअप मे महिन्यात येऊन राहिला आहे. ४५ डिग्रीत भंडाऱ्याहून बसनं येणारा माणूस, घाम जातो, पाणी कमी पडतं, किडनी सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवते, त्यात गुडघ्यासाठी मेडिकलवाल्यानं डायक्लो दिलेलं. ०.६ ते १.० मधे हवी ती लेव्हल १.५ च्या वर जाते, हात थरथरतात, जुलाब लागतात, चाल झोकांड्या खाते. घरचे म्हणतात ऊन लागलं, अन् पन्हं पाजून झोपवून टाकतात. म्हणून नातेवाइकांना कागदावर मराठीत लिहून दे की असं झालं तर पुढची गोळी थांबवा अन् त्याच दिवशी घेऊन या. हे मार्करच्या फाइलमधे नसलं तरी पेशंट तुझा आहे.

किडनीसाठी क्रिएटिनिन अन् थायरॉइडसाठी टीएसएच सुरुवातीलाच करशील. सोबत अँटी-टीपीओ जोडता आलं तर जोड. बायपोलरमधे या थायरॉइडच्या अँटिबॉडीज जास्त सापडल्याचे अभ्यास आहेत अन् लिथियमनं थायरॉइड मंदावतो, तेव्हा ज्यांच्यात आधीच त्या आहेत त्यांच्यावर लक्ष ठेवायला खरंच कामी येतं. बजेट पुरत नसेल तर टीएनएफ काढ अन् हे ठेव.