कुत्र्याचा डोळा लाल आणि निळसर झालाय, हा मोतीबिंदू असेल का?

तुम्ही लिहिलंय की कालपासून तुमच्या बीगलचा डावा डोळा लाल आहे, त्यावर निळसर झाक आलीय आणि मेडिकलवाल्याने मोतीबिंदू सांगून थेंब दिलेत. ते थेंब टाकू नका, आजच दवाखाना गाठा. मोतीबिंदूत भिंग पांढरं होतं, डोळा सहसा दुखत नाही. तुमचं वर्णन काचबिंदूकडे, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब वाढण्याच्या आजाराकडे, जातंय, आणि तो असा अचानक आला तर एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते.

आम्ही परभणीचे. आमच्या ब्रुनोला, कॉकर स्पॅनियलला, असंच झालं होतं. तो रांजणाच्या थंड कडेला डोकं दाबून बसायचा. आई म्हणायची, "लेकरू जेवंना गेलंय, डोकं दुखत असंल." तिचं बरोबर होतं. आम्ही मात्र धूळ गेली असेल म्हणून माणसाचे थेंब टाकत राहिलो. तिसऱ्या दिवशी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड मारला, तरी बाहुली मोठीच्या मोठी. मग भुलीचा थेंब टाकून पेनासारखं यंत्र बुबुळाला हलकेच टेकवलं. डोळ्यातल्या दाबाचा आकडा आला 54 मिमी पारा. निरोगी कुत्र्यात हा दाब साधारण 10 ते 20 असतो.

डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. ती वाट तुंबली की दाब चढतो आणि मागची नस मरते. बीगल, कॉकर, हस्कीत ही वाट जन्मतःच सदोष असू शकते. गावठी कुत्रं असतं तर मी आधी गोचीडतापाची शंका घेतली असती. त्यात डोळा आतून सुजतो, रक्त उतरतं, वाट बुजते. मांजरात आणि घोड्यातही बहुतेकदा आधी आतली सूज, मग काचबिंदू.

दाब मोजायचं यंत्र तालुक्याला मिळेलच असं नाही, निघण्याआधी फोन करून विचारा. घरात कुणाचे काचबिंदूचे थेंब असतील तर तेही परस्पर टाकू नका. भिंग जागेवरून सरकलं असेल तर काही थेंबांनी उलट त्रास वाढतो. गळ्यातला पट्टा आत्ताच काढा, छातीचा लावा. गळा ओढला की डोळ्यावर ताण येतो.

ब्रुनोचा तो डोळा शेवटी काढावा लागला. दुखणं थांबल्यावर चौथ्या दिवशी तो फाटकापर्यंत पळाला, तेव्हा कळलं किती सोसत होता. जन्मजात प्रकारात दुसरा डोळाही पुढे धोक्यात येतो. त्याला आम्ही रोज थेंब टाकतो, दोन वर्षं नजर टिकून आहे. तुमच्या बीगलच्या उजव्या डोळ्याला असे थेंब लगेच सुरू करायचे का, हेही आजच विचारून या.