ड्रेक सामुद्रधुनीतील दिवस

प्रश्न : आम्ही पतीपत्नी दोघेही सेवानिवृत्त असून, डिसेंबरमध्ये अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या लहान क्रूझवर जाण्याचा आमचा विचार आहे. जाताना जवळजवळ दोन दिवस जमीन दिसत नाही म्हणे आणि मला तर एसटीसुद्धा लागते. ते दिवस खोलीत पडून काढायचे असतील, तर हा टप्पा विमानाने ओलांडणाऱ्या सहली बऱ्या नाहीत का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : प्रकृतीची गंभीर तक्रार नसेल, तर आपण जहाजानेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. चिलीतील पुंता अरेनासहून अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर विमान सुमारे दोन तासांत पोहोचते हे खरे, पण तेथील धुके आणि ढग उड्डाणे लांबवतात. शिवाय, अंटार्क्टिका उर्वरित जगापासून इतका वेगळा का राहिला, हे ज्या पाण्यामुळे समजते, नेमके तेच पाणी पाहायचे राहून जाते.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची दक्षिण शेटलंड बेटे यांच्यामधील ड्रेक सामुद्रधुनी सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे. या अक्षांशांवर पृथ्वीला वळसा घालणाऱ्या पाण्याला कोठेही जमीन आडवी येत नाही. त्यामुळे पश्चिमेकडून येणारे वारे आणि त्यांनी रेटलेला सागरी प्रवाह अखंड फिरत राहतो, आणि त्यातून वाहणारे पाणी जगातील सर्व नद्यांच्या एकत्रित पाण्याच्या शंभरपटींहून अधिक भरते. दक्षिणेचे थंड पाणी उत्तरेकडील उबदार पाण्याला जेथे भेटते आणि त्याच्या खाली जाते, ती सीमाही याच वाटेवर लागते. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम जसा काठावर उभे राहून दाखवता येतो, तसा हा दाखवता येत नाही. मात्र काही तासांत पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, हवा बोचू लागते आणि पुष्कळदा धुके पसरते. अनेक लहान जहाजांवर प्रवाशांना ब्रिजवर, म्हणजे जहाज जेथून चालवतात त्या कक्षात, जाऊ देतात. तेथे हा बदल अधिकाऱ्यांकडून अवश्य समजून घ्यावा.

बाकीचा वेळ मागच्या डेकवर घालवावा. साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला वाँडरिंग अल्बट्रॉस जहाजाच्या मागे बराच वेळ पंख न हलवता तरंगत राहतो. लाटेजवळचा वारा मंद आणि वरचा वेगवान असतो. हा पक्षी वाऱ्यात वर चढतो, वळतो, पुन्हा लाटेपर्यंत उतरतो आणि वेगांतील त्या फरकावरच पुढे जातो. हे एकदा लक्षात आले की डेकवरून हलावेसे वाटत नाही.

दिवसभरात व्याख्याने असतात. शिवाय प्रत्येकाचे बूट, पिशव्या आणि कपडे तपासले जातात, कारण तेथे परके बी जाऊ नये यासाठी फार कडक दक्षता घेतली जाते. दंडोबाच्या डोंगरावर वापरलेल्या बुटांत आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांत कुसळे हमखास अडकलेली असतात. ती सांगलीतच चिमट्याने काढून टाकावीत.

आता बोट लागण्याविषयी. डॉक्टरांना विचारून गोळी सोबत घ्यावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास तसे त्यांना आधी सांगावे, कारण काही गोळ्या अशा रुग्णांना चालत नाहीत. उशुआयाहून निघाल्यावर बीगल खाडीत पाणी काही तास शांत असते. गोळी तेव्हाच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्याजवळची मागावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात आणि भाडेही बहुधा कमी असते. चालताना एक हात कठड्यावर ठेवावा, मात्र दाराच्या चौकटीला कधीही धरू नये, कारण हेलकाव्याने जड दार मिटते आणि बोटे चिरडतात. नोंदणीपूर्वी प्रवासीसंख्याही विचारून घ्यावी: एका ठिकाणी एका वेळी १०० प्रवासीच किनाऱ्यावर उतरू शकतात आणि ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजांवरून कोणालाही उतरवले जात नाही.