ओल खालून की हवेतून? घराच्या प्रश्नांची उत्तरे

जांबोटीकडून एक ताई विचारतात: घर उतारावर आहे. रस्त्याकडून जोतं दीड फूट, मागून पाच फूट. स्लॅबखाली पोकळी, भोवती चिऱ्यांची भिंत. मिरग लागला की फरशी घामेजते, कुबट वास येतो. पोकळीचे सगळे झरोके उघडे ठेवते, तरी फरक नाही.

ताई, पावसाळ्यात झरोके उघडे ठेवून पोकळी वाळणार नाही. झडीची दमट हवा आत शिरते, थंड स्लॅबला लागते आणि तिथंच पाणी धरते. त्यात खालची उघडी माती दिवसरात्र वाफ सोडते. म्हणून आधी माती झाका. 250 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, जोडावर फूटभर एकावर एक, कडा भिंतीला टेकवून वर दगड. त्याआधी रस्त्याच्या बाजूला चर खणून वरून येणारं पाणी घराच्या कडेनं काढून द्या, नाहीतर कागदाखाली डबकं होईल. पागोळ्याही जोत्यापासून लांब पडू देत. झरोके दिवाळीनंतर उघडा, पण जाळी लावून. सापालाही ती जागा आवडते. पोकळीत जळण रचलं असेल तर आजच काढा, वाळवीला ते आमंत्रणच.

तरी फरशी घामेजली, तर दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपनं फरशीला चिकटवा. दोन दिवसांनी पाणी तुकड्याच्या खालच्या अंगाला दिसलं तर ओल जमिनीतली, वरच्या अंगाला दिसलं तर हवेतली.

शहापूर, बेळगाव: जुन्या घराच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत पोपडे. वॉटरप्रूफ रंग दोनदा दिला.

तिसऱ्यांदा देऊ नका. मातीच्या-दगडाच्या जुन्या भिंतीत ओल अडवणारा थर बहुधा नसतोच, ती जमिनीतलं पाणी शोषून घेते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि रंग चढवला की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ओल आणखी वर चढते. खराब गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत उतरवा, भिंतीला एक उन्हाळा मिळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, धुऊ नका, पाण्याबरोबर ते परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा. आणि बाहेर जाऊन बघा: दर काँक्रिटीकरणात रस्ता वर आला आणि तुमचं जोतं खाली गेलं, असं तर नाही? तसं असेल तर आधी भिंतीलगत गटार हवी.

निपाणी: न्हाणीमागची भिंत वैशाखातही ओली.

मग पावसाला दोष देऊ नका. रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघा; काटा हलला तर पाइप फुटलाय. काळी माती फुगते, आकसते, तिच्यात पुरलेले सांधे उखळतात. मीटर हललाच नाही तर न्हाणीचा सांडपाण्याचा पाइप आणि फरशीच्या फटी तपासा.

खानापूर: खोलीत मीठ ठेवलं तर ओल जाईल का?

कपाटापुरतं चालेल. खोलीला नाही.