आधी स्टाउट, मग पिंप

बॅरल-एज्ड इम्पीरियल स्टाउट म्हणजे दारूच्या जुन्या लाकडी पिंपात मुरवलेली कडक, काळी बिअर. तिच्याबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्रच उत्तरं देते आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न मोलाचा आहे, म्हणून जागाही त्यालाच जास्त.

प्रश्न : आमच्या भागातल्या तीन लहान ब्रूअरींनी यंदा बॅरल-एज्ड इम्पीरियल स्टाउट काढले. पहिला ११ टक्के अल्कोहोलचा, दुसरा साडेबारा, तिसरा १४. पहिले दोन बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपातले, तिसरा रमच्या. आम्ही चार मित्रांनी एका बैठकीत तिन्ही बाटल्या याच क्रमाने संपवल्या आणि एकमताने तिसऱ्याला पहिला नंबर दिला. दोन दिवसांनी त्याच्याबद्दल लिहायला बसलो, तर ‘जबरदस्त’ यापलीकडे कुणालाच काही आठवेना. तुलना करावी तरी कशी?

उत्तर : तुमच्या जिभेचा यात काही दोष नाही, बैठकीची मांडणीच तिसऱ्या बाटलीच्या बाजूने झाली. तिची पाळी येईपर्यंत जीभ दमलेली आणि मन खुललेलं. त्यात अल्कोहोल स्वतःच जिभेला गोडसर आणि दाट लागतं. कमी टक्क्यांच्या पाठोपाठ जास्त टक्क्यांची बिअर घेतली की ती आपोआप भरीव वाटते, मग तिच्यात आणखी काही असो वा नसो.

एकदा हिशेब करून बघा. १२ टक्क्यांच्या ३३० मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये १३ ग्रॅम. म्हणून तुलनेला बसताना प्रत्येक स्टाउट माणशी ६० ते ७५ मिलिलीटर, त्याहून जास्त नको. एक बाटली चौघांना आरामात पुरते.

ओतण्याचं काम एकाने दुसऱ्या खोलीत करावं आणि ग्लासांना क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावाव्यात. कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीची, हे त्याने शेवटपर्यंत सांगू नये. ग्लास पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते हवेत, आणि सगळे एकसारखे. तिन्ही एकदम समोर ठेवा, प्रत्येकाने वेगळ्या ग्लासपासून सुरुवात करा आणि मागे-पुढे फिरत राहा. फ्रिजमधून थेट ओतलेल्या स्टाउटला वास जवळजवळ नसतोच. १२ ते १४ अंश सेल्सियसला तो मोकळा होतो, म्हणून बाटली आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. मध्ये साधं पाणी. आणि मत बोलण्याआधी कागदावर लिहा. एकाने ‘व्हॅनिला’ म्हटलं की उरलेल्या तिघांना व्हॅनिला येतोच, आणि तिथून पुढे चार मतं राहत नाहीत.

आता शोधायचं काय? पिंपातल्या स्टाउटमध्ये मी आधी पिंप शोधत नाही, स्टाउट शोधते. भाजलेल्या जवाचा कॉफीसारखा कोरडा कडूपणा, चॉकलेट माल्टचा (चॉकलेटी रंगावर भाजलेल्या, मोड आणलेल्या धान्याचा) कोको, त्यामागे हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडूपणा. इम्पीरियल स्टाउटचा कडूपणा साधारण ५० ते ९० आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक) धरतात. आकडा मोठा वाटतो, पण माल्टचा एवढा गोडवा तोलून धरायचा तर तो लागतोच. पिंपात महिने काढताना हॉप्सचा सुगंध विरून जातो, त्याला इलाज नाही. भाजकेपणा मात्र टिकला पाहिजे. तो टिकला नाही तर ग्लासात उरते ती पाणी घातलेली गोड, काळी व्हिस्की. अशा बिअरला पहिल्या घोटाला भरघोस दाद मिळते आणि पाचव्या घोटाला ग्लास बाजूला सरकतो. माझ्या लेखी ती बिअर हरली, लेबलवर पिंपाचं नाव कितीही ठळक असो.

पिंपाचा विचार त्यानंतर. ओकचं लाकूड भाजलं की त्यातलं लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारं द्रव्य) तुटून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन तयार होतं. खोबऱ्याचा वास ओक लॅक्टोनचा, लवंगेचा युजेनॉलचा, धुराचा ग्वायाकोलचा. यातले दोन-तीन वेगवेगळे ओळखू आले, तर लाकडाने आपलं काम केलं असं समजा. नुसता दारूचा दर्प आणि घशात जळजळ असेल, तर फळ्यांमध्ये मुरलेली व्हिस्कीच तेवढी बिअरमध्ये उतरली, लाकूड उतरलं नाही. व्हिस्की पहिल्या काही आठवड्यांतच बिअरमध्ये येते, टक्काही चढवते. लाकूड सावकाश येतं. ज्यांना घाई असते त्यांची बिअर इथे उघडी पडते.

तिसरी वाटेकरी म्हणजे हवा. पिंपातून ती अगदी थोडी थोडी आत शिरते. बेताची असेल तर मनुका, खजूर, शेरी या वाइनसारखी गोलाई येते. जास्त झाली की ओल्या पुठ्ठ्याची चव. सोया सॉसची खारट छटाही कधी कधी लागते, त्यामागे बहुधा थकलेलं, फुटलेलं यीस्ट असतं. गंमत म्हणून एखाद्याला ती आवडेल, पण अर्धा ग्लास संपेपर्यंत तिचा कंटाळा येतो.

रमच्या पिंपाबद्दल एक सांगायलाच हवं. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, म्हणून प्रत्येक पिंप बर्बनसाठी एकदाच वापरता येतं आणि जुनी पिंपं जगभर जातात. रमवाले बहुतेक वेळा हीच घेतात. म्हणजे तुमच्या तिसऱ्या स्टाउटचं पिंप बहुधा आधी बर्बनचं, मग रमचं आणि मग बिअरचं. लाकडाचा जोर बऱ्यापैकी ओसरलेला असतो, काकवीसारखा गोडवा पुढे येतो. त्याला बर्बनवाल्यांच्या ओळीत बसवून ‘व्हॅनिला कमी’ म्हणून गुण कापणं त्याच्यावर अन्याय आहे. पहिल्या दोघांची एकमेकांशी तुलना करा. तिसऱ्याला वेगळा प्रश्न विचारा: रमचा गोडवा आणि स्टाउटचा गोडवा एकत्र आल्यावर शेवट कोरडा होतो की चिकट?

आणि शक्य असेल तर एवढं कराच. तिघांपैकी एखादी ब्रूअरी तोच स्टाउट पिंपात न घालताही विकत असेल, तर त्याची बाटली आणून शेजारी ओता. पिंपाने काय दिलं आणि काय खाल्लं, हे त्या एका ग्लासने जितकं कळतं तितकं कुठल्याही वर्णनाने कळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी सगळे ग्लास पुन्हा हुंगा. कोमट होताना चांगला स्टाउट नवं काहीतरी दाखवतो. कच्च्याचं नुसतं अल्कोहोल नाकात चढतं.

प्रश्न : एका ब्रूअरीचा गेल्या वर्षीचा बॅरल-एज्ड स्टाउट मला अतिशय आवडला होता. यंदाचा त्याच नावाचा, त्याच लेबलचा, पण चव निराळी. कृती बदलून गुपचूप तेच नाव वापरलं असेल का?

उत्तर : कृती तीच ठेवूनही हे होतं, आणि का होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका ब्रूअरीत पिंपांची खोली माझ्याकडे होती. पिंपाच्या चपट्या तोंडाला एक बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रूअरीच्या विनी सिलुर्झो यांच्यावरून त्याला ‘विनी नेल’ म्हणतात. पकडीने खिळा ओढला की सुईसारखी धार सुटते. ग्लासात दोन घोट जमले की खिळा परत ठोकायचा. वरचं बूच काढायचं नाही, कारण प्रत्येक वेळी ते उघडलं की हवा आत जाते.

एकाच टाकीतून, एकाच दिवशी भरलेली, एकाच डिस्टिलरीतून आलेली दोन पिंपं शेजारी-शेजारी असायची. एकाची धार ग्लासात पडतानाच खोबरं आणि कोको दरवळायचा. दुसऱ्यातली बिअर हिरड्या आवळणारी, तुरट, आणि मागे हिरव्या लाकडाची कडवट चव. कारण फळ्या वेगवेगळ्या झाडांच्या, एकीच्या लाकडाच्या रेषा दाट, दुसरीच्या विरळ. एक पिंप आतून जास्त जळलेलं, एक कमी. एक रचलेल्या थप्पीत वर, जिथे ऊब जास्त, एक खाली जमिनीलगत. सुमारे २०० लिटरचं प्रत्येक पिंप आपल्या वाटेने जातं.

म्हणून खरी कृती ठरते ती ब्लेंडच्या, म्हणजे पिंपांच्या मिश्रणाच्या टेबलावर. मोजपात्रात या पिंपाचे साठ भाग, त्याचे तीस, तिसऱ्याचे दहा, असं करून चाखायचं, बदलायचं, पुन्हा चाखायचं. तुरट पिंप एकटं नकोसं असतं, पण त्याचा दहावा भाग घातला की गोडमिट्ट ब्लेंडला कणा येतो. काही पिंपं मात्र कशातच बसत नाहीत आणि ती नाल्यात ओतावी लागतात. आठ-दहा महिने सांभाळलेलं पिंप ओतून देताना हात जड होतो, पण जी ब्रूअरी हे करू शकते तिच्या बाटलीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

लहान ब्रूअरीकडे ब्लेंडला पिंपंच मोजकी असतात, त्यामुळे दर वर्षी फरक पडणारच. तुम्ही थेट विचारा: यंदा पिंपं किती होती, किती महिने भरून ठेवली, बर्बननंतर पहिल्यांदाच भरलेली की दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा भरलेलं पिंप निम्म्याहून कमी चव देतं असा माझा अनुभव आहे, आणि तुमच्या यंदाच्या बाटलीचं उत्तर तिथेच सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते. आपल्या कामाबद्दल प्रेम असलेला ब्रूअर हे सगळं आनंदाने सांगतो.

प्रश्न : व्हॅनिला, कोको, दुधातली साखर घातलेले बॅरल-एज्ड स्टाउट साध्यांबरोबर तुलनेला ठेवावेत का?

उत्तर : ठेवू नयेत. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बिअरच्या यीस्टला पचत नाही, त्यामुळे त्याचा गोडवा तसाच राहतो, आणि वरून घातलेला व्हॅनिला पिंपाच्या व्हॅनिलाला पूर्ण झाकून टाकतो. असे स्टाउट उत्तमही असू शकतात, त्यांची तुलना त्यांच्यातल्या त्यांच्यात करा. एकाच ओळीत ठेवलेत तर गोडवाच जिंकणार, आणि शेजारच्या साध्या स्टाउटमागची मेहनत कुणाच्याच लक्षात येणार नाही.

प्रश्न : मी आणलेला बॅरल-एज्ड स्टाउट आंबट निघाला. विक्रेता म्हणतो, पिंपातल्या बिअरला थोडी आंबट झाक असतेच. हे खरं का?

उत्तर : नाही. भाजलेल्या माल्टची किंचित आम्लता असते, पण ती कॉफीतल्यासारखी, पटकन जाणवतही नाही. तोंडाला पाणी सुटेल असा आंबटपणा किंवा व्हिनेगरचा वास आला, तर जंतूंनी घर केलं आहे. लाकडाला बारीक छिद्रं असतात, ते टाकीसारखं धुऊन निर्जंतुक करता येत नाही, आणि १२ टक्के अल्कोहोलही सगळ्याच जंतूंना थोपवत नाही. बर्बनच्या पिंपात स्टाउट ठेवण्याची वाट ज्यांनी १९९०च्या दशकात घालून दिली, त्या शिकागोच्या गूस आयलंडलाही हे चुकलं नाही. त्यांच्या २०१५ सालच्या काही बॅरल-एज्ड बाटल्यांत ‘लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिटोटॉलरन्स’ हा जिवाणू सापडला. त्यांनी ते जाहीर केलं, ग्राहकांना पैसे परत केले आणि पुढच्या वर्षापासून या बिअर पाश्चराइझ करायला लागले. तुम्हीही ब्रूअरीला बाटलीवरची तारीख आणि बॅच कळवा. बहुतेकांना हे कळायला हवंच असतं, आणि त्याच बॅचच्या इतर बाटल्या घेणाऱ्यांचंही त्यात भलं आहे.

प्रश्न : असे स्टाउट किती वर्षं ठेवावेत? मित्र म्हणतात, जितका जुना तितका उत्तम.

उत्तर : या समजुतीला जुना आधार आहे. १८व्या शतकात लंडनच्या ब्रूअरी रशियाच्या दरबारासाठी कडक स्टाउट पाठवत, आणि भरपूर माल्ट, भरपूर हॉप्समुळे तो टिकायचाही. पण तुमच्या हातातल्या बाटलीचं मुरणं ब्रूअरीतच झालेलं आहे. बहुतेक ब्रूअर ती विक्रीला काढतात तेव्हा त्यांच्या मते ती तयारच असते. पहिल्या वर्षात अल्कोहोलचा तिखटपणा उतरतो, हा फायदा खरा. त्यानंतर मला तरी बऱ्याच स्टाउटमध्ये भाजकेपणा मावळताना आणि पुठ्ठा डोकावताना दिसतो. कॉफी घातलेला असेल तर अजिबात थांबू नका, कॉफीचा ताजेपणा काही महिन्यांत जातो आणि हिरव्या मिरचीसारखा वास येऊ लागतो.

ठेवायचीच असेल तर दोन बाटल्या घ्या. एक लगेच उघडा आणि टिपण लिहून ठेवा, नाहीतर वर्षाने ताडून बघायला हाताशी काहीच नसेल. दुसरी अंधारात, १० ते १३ अंशांना, उभी ठेवा. आडवी ठेवली तर गाळ बाजूला साचतो आणि ओतताना सगळा ग्लासात येतो.