जामीन मंजूर, तरी पोरगा आतच

प्रश्न : मी एका सामाजिक संस्थेत काम करते. दर आठवड्याला कारागृहात जाऊन बंद्यांचं समुपदेशन करते. परराज्यातला एक मुलगा (वय 22) मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात अकरा महिने आत आहे. गुन्हा पहिलाच. पाच महिन्यांपूर्वी त्याला 15,000 रुपयांचा जामीन मंजूर झाला, पण अट घातली स्थानिक जामीनदाराची, आणि इथे त्याचं कोणीच नाही. मी स्वतः जामीन राहू का? दुसरं म्हणजे, मोबाइल आपणच उचलल्याचं त्याने मला सांगितलं आणि ते मी नोंदवहीत लिहिलंय. हे पोलिसांना सांगावं लागेल का?

उत्तर : आधी नोंदवहीचं बोलू, कारण तिथे धोका जास्त आहे. पोलिसांकडे स्वतःहून जायची गरज नाही. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पण साधी चोरी त्यात येत नाही. (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं मात्र तसं नाही. पॉक्सो कायद्याखाली ते कळवावंच लागतं.) पण समुपदेशनात झालेलं बोलणं गुप्त राहतं, हा तुमच्या क्षेत्रातला समज कोर्टात टिकत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाने वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण दिलंय, समाजकार्यकर्त्याला दिलेलं नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही, पण न्यायालयीन कोठडीत तुमच्याजवळ दिलेली कबुली त्या मनाईत बसत नाही. समन्स निघालं तर साक्षीला उभं राहावं लागेल, वहीही हजर करावी लागेल. असा पुरावा कोर्ट कमकुवत मानतं हे खरं, तरी तो पुरावाच.

म्हणून लिहिलेलं पान फाडू नका, तो वेगळा गुन्हा होईल. यापुढे मात्र घटनेचा तपशील लिहायचा नाही. झोप, औषधं, घरचा संपर्क, वकील भेटला की नाही, एवढ्यावर नोंद थांबवा. तो पुन्हा त्या विषयाकडे वळला तर ‘हे वकिलालाच सांग’ म्हणा.

आता जामीन. तुम्ही उभ्या राहू शकता, कायद्याची आडकाठी नाही. पण माझा सल्ला, राहू नका. तो तारखेला आला नाही तर 15,000 तुमच्याकडून वसूल होतील. शिवाय आधी किती जणांना जामीन राहिलात ते प्रतिज्ञेवर सांगावं लागतं, आणि एकासाठी राहिलात की अख्खी बराक तुमच्याकडे आशेने बघणार.

स्थानिक जामीनदाराचाच आग्रह हा जुना रोग आहे. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही असं म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच मोतीराम प्रकरणात सांगितलं. तिथला आरोपी एक गरीब गवंडी होता. त्याच न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशात तर पुढची पायरीही घालून दिलीय. जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. तुमच्या मुलाचे पाच महिने गेलेत. हे कळवलं गेलं का, एवढंच अधीक्षकांना लेखी विचारा आणि पत्राची प्रत सचिवांना द्या. भाषा विनंतीची ठेवा. तुमचा प्रवेश परवानगीवर चालतो, भांडण झालं तर नुकसान आतल्यांचं होईल.

वकिलाची फी हा प्रश्नच नाही. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तसं 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. त्या वकिलाने दोन अर्ज द्यावेत : जामीनदाराऐवजी जातमुचलका (त्याची स्वतःचीच लेखी हमी) किंवा रोख रक्कम घ्यावी, आणि रक्कम कमी करावी. रोख मान्य झाली तर गरीब बंद्यांसाठीच्या केंद्राच्या 2023 च्या योजनेतून ती मिळू शकते. मूळ मर्यादाच 40,000 रुपये होती, त्यामुळे 15,000 सहज बसतात. अंमली पदार्थांच्या गुन्ह्याला किंवा यूएपीएला (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) ही योजना लागू नाही.

पण मला खरी आशा वेगळ्याच कलमात दिसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 479 प्रमाणे, आधी कधीच शिक्षा न झालेला बंदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला ‘बाँड’वर सोडायचं असतं. नव्या संहितेत बाँड म्हणजे जामीनदाराशिवायचा मुचलका. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक तृतीयांश झालं एक वर्ष. पुढच्या महिन्यात ते भरतंय! या सुटकेचा अर्ज अधीक्षकांनीच कोर्टाकडे पाठवायचा असतो, पण आठवण करून दिलेली बरी. एकच खोड आहे : त्याच्यावर दुसरी केस प्रलंबित असेल तर हे कलम अडतं. त्याच्यावर चोरीचं कोणतं कलम लावलंय तेही नीट बघा. घरात शिरून चोरी केल्याचं लावलं असेल तर कमाल शिक्षा सात वर्षं होते आणि हा सगळा हिशोब बदलतो. वर्ष मोजायचं ते अटकेच्या दिवसापासून, जामिनाच्या हुकमापासून नव्हे. ती तारीख पहिल्या रिमांडच्या कागदावर सापडेल.