कमी तासांचं जुनं सेस्ना घेण्याआधी

भाऊ, १९७५ चं सेस्ना १७२ एम, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, उड्डाणाचे एकूण तास कमी, गेली काही वर्षं शेडमध्ये उभं, आणि तुम्ही ते यवतमाळला ठेवून दोन्ही मुलं नि वहिनींसह उडवणार, असं लिहिलंय. विकणारा ज्या कमी तासांचं कौतुक करतोय, मला भीती त्याचीच वाटते. उभ्या ट्रॅक्टरचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

या विमानात लायकॉमिंग ओ-३२० इंजिन असतं. त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला, क्रँकशाफ्टच्या डोक्यावर. इंजिन बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि आपल्या पावसाळ्यातली दमट हवा उघड्या पोलादावर गंज धरवते. पुढे इंजिन चालवलं की तो गंज कॅमला टेकून चालणारे टॅपेट खरवडतो, चुरा तेलात फिरतो. कॉम्प्रेशन मात्र ७५/८०, म्हणजे ८० दाबापैकी ७५ टिकला, असं झकास येतं, कारण ती चाचणी सिलिंडरची. कॅमबद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणून एखादा सिलिंडर उतरवून कॅम प्रत्यक्ष पाहा, तेलाचा फिल्टर कापून पाहा. हे काम तुमच्या इंजिनिअरकडून, विकणाऱ्याच्या नाही. मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत या. शिवाय लायकॉमिंगची ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नवं करण्याची, मुदत २००० तास किंवा १२ वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. तेव्हा भाव बोलताना ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च वजा करूनच बोला.

सांगाड्यात सीट ज्यांवर सरकते ते रेल नक्की तपासा. सीट अडकवायची भोकं झिजली की उड्डाण घेताना सीट मागे सरकते, आणि पायलट आधारासाठी कंट्रोलच ओढतो. त्यातून अपघात झालेत. विमान आधी फ्लाइंग क्लबात असेल तर फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यावर, सुरकुत्या शोधा, नाकावर आदळल्याची ती खूण. वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबमध्ये कुंभारीण माशीचं घर असणारच.

आता वजन. कागदावर चार सीटा, पण सामान-माणसं-इंधन मिळून साधारण ४०० किलो. टाक्या भरल्या की शंभरेक किलो गेले. वर यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच. मे महिन्यात ४४ अंशांत हवा विरळ होते, विमानाच्या लेखी तुम्ही पाच हजार फुटांवरून निघता. १५० हॉर्सपॉवर तिथे दमते. उन्हाळ्यात चौघं नेणार असाल तर पहाटे, अर्ध्या टाकीवर.

शेतात पट्टी करायचा विचार सोडा. परवानगीचं राहू द्या, काळी जमीन पावसात चाकं गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, कुठून येणार, कोण भरणार, हे व्यवहाराआधी ठरवा. परदेशात या इंजिनाला खास मंजुरी घेऊन मोटारीचं पेट्रोल चालवतात, पण ते इथेनॉल नसलेलं. आपल्या पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं, आहे, त्याचा मोह नको.

विमान व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीचंच असेल तर निम्मी कटकट वाचते. इंजिनची लॉगबुकं, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हची (सुरक्षेसाठी सक्तीच्या दुरुस्त्यांच्या आदेशांची) यादी आणि शेवटचं वजनपत्रक यांचे फोटो टाका. लॉगबुकात मधली वर्षं कोरी असतील तर तीही पानं टाका, मला आधी तीच पाहायची आहेत.