यामाहा आरएक्स १०० च्या क्लच कव्हरचे दोन स्क्रू जाम आहेत, डोक्यावरची फुली (ड्रायव्हर बसायची खाच) गोल झालीय. इझी आउट वापरू का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची जुनी आरएक्स १०० आहे, क्लच प्लेटा घरीच बदलायला घेतल्यात, उजव्या कव्हरचे बाकीचे स्क्रू निघाले आणि खालचे दोन हलत नाहीत. स्क्रू ड्रायव्हर घसरून घसरून त्यांची फुली गोल झालीय आणि आता इझी आउटचा, म्हणजे जाम स्क्रूत भोक पाडून त्यात उलटं फिरवत रुतवायच्या हत्याराचा, सेट मागवायचा विचार आहे.

नका मागवू. निदान आधी नाही.

मी मेकॅनिक नाही. कोकणात राहतो, खाऱ्या हवेत दोन जुन्या टू-स्ट्रोक सांभाळतो, त्यामुळे जाम स्क्रूंशी जुनं वैर आहे. पहिल्या गाडीला मी हेच केलं होतं. स्क्रूच्या मधोमध भोक पाडलं, इझी आउट ठोकला, आणि जरा जोर लावल्याबरोबर 'टक्' आवाज आला. स्क्रू तिथेच, आणि त्याच्या पोटात तुटलेला इझी आउट. तो इतक्या कडक पोलादाचा असतो की त्यावर साधा ड्रिल बिट नुसता नाचतो. शेवटी केसिंग घेऊन कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत गेलो आणि स्पार्क इरोजनवाल्याकडून, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळणाऱ्याकडून, ते काढून घेतलं. पाच रुपयांच्या स्क्रूपायी अख्खं इंजिन खोललं होतं.

आता फुली का गेली ते बघा, कारण दोष सगळा तुमच्या हाताचा नाही. हे स्क्रू दिसतात साध्या स्टारसारखे, पण खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. आपल्याकडे मिळणारा फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही. त्यात फिलिप्सच्या कडा उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की तो वर चढून बाहेर येतो. आणखी एक, ही चूक जवळपास सगळेच करतात: कव्हरचे स्क्रू ६ मिलिमीटरचे, त्यांना ३ नंबरचा बिट लागतो. घरात असतो २ नंबरचा, तो खुळखुळतो. जेआयएस बिट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर ३ नंबरच्या फिलिप्स बिटाचं टोक ग्राइंडरवर अगदी किंचित, अर्धा मिलिमीटर घासा, मग तो खाली बसतो.

बसतो की नाही ते बघायची खूण सोपी आहे. बिट खाचेत ठेवा, हात सोडा. सरळ उभा राहिला तर ठीक, कलंडला तर तोच बिट फुली खाणार.

तुमच्या दोन स्क्रूंवर पहिला प्रयोग हातोडीचा. सपाट टोकाचा पंच स्क्रूच्या डोक्यावर ठेवून तीन-चार खणखणीत टोले द्या. याने दोन कामं होतात: पसरलेली फुली थोडी मिटते, आणि ॲल्युमिनियमचं कव्हर नि लोखंडी स्क्रू यांच्यामधली गंजाची पांढरी पूड तडकते. मग बिट त्या मिटलेल्या फुलीत ठोकूनच बसवा. टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट) लावली तर पकड आणखी चांगली येते. गॅरेजवाल्याकडे मागा, चिमूटभर देतो.

त्यानंतर हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो हातोडीने ठोकायचा, टोल्यासरशी बिट जरासा फिरतो. त्याला उलट्या दिशेला लावा, डाव्या हाताने आधीच पिळून ताण द्या, आणि किलोभराच्या हातोडीने एकच भरीव टोला. घाबरत मारलेले दहा टोले फुली खातात, स्क्रू हलत नाही. डोळ्यांवर चष्मा ठेवा.

डब्ल्यूडी-४० या गंज सोडवायच्या स्प्रेबद्दल लोक फार बोलतात. मारा, रात्रभर राहू द्या, पण फार आशा नको. स्क्रूचं डोकं कव्हरवर घट्ट दाबलेलं असतं, आटे तिथून दोन-तीन सेंटिमीटर आत. तेल तिथवर पोचणं कठीणच. शिवाय तेलकट फुलीत बिट घसरतो, म्हणून ठोकण्याआधी खाच थिनरने पुसा.

उष्णता मात्र खरोखर कामी येते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे कव्हर तापलं की स्क्रूभोवतीची मिठी सैल होते. पण शेजारी कार्बुरेटर आणि पेट्रोलची नळी आहे, तिथे गॅसची ज्योत नेऊ नका. मी कव्हरवर फडकं गुंडाळून त्यावर चहाच्या किटलीतून उकळतं पाणी ओततो. बायको हसते, पण दोनदा काम झालंय.

एवढं करूनही नाही निघाले, तर डोकी उडवा. ऐकायला भीती वाटते, पण माझ्या मते सगळ्यात शांत मार्ग हाच. साडेसहा मिलिमीटरचा ड्रिल बिट घ्या. फुलीचा खड्डाच त्याला मध्यभागी धरून ठेवतो. हळू वेग, सरळ दाब. थोड्या वेळाने डोकं सुटून बिटाबरोबर गरगर फिरायला लागतं. तिथे थांबा. भुसा बाहेरच पडतो, कव्हर अजून बंद असतं. मग रबरी हातोडीने कव्हर सगळीकडून ठोकत सैल करा आणि ओढून घ्या. पॅकिंगच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका, नाहीतर तिथून आयुष्यभर ऑइल गळेल.

आता गंमत बघा. स्क्रू ज्या ताणाने जखडलेला होता तो सगळा डोक्यामुळे होता. डोकं गेलं, ताण गेला, आणि कव्हरच्या जाडीएवढा बुडखा तुमच्यासमोर मोकळा उभा. ग्रिप प्लायरने घट्ट धरून आधी जरा घट्ट करायच्या दिशेला आणि मग उलटा फिरवा. माझ्या दुसऱ्या गाडीचे असे तीन होते. दोन अर्ध्या वळशात सुटले, तिसऱ्याला किटली लागली.

बसवताना बरेच जण स्टेनलेसचे ॲलन बोल्ट टाकतात. मीही टाकले. पण खाऱ्या हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचं पटत नाही, म्हणून आट्यांना अँटी-सीज (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा निदान ग्रीस लावा. आणि ॲलन कीने जोर फार येतो. ६ मिलिमीटरला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, ग्रीस लावलं असेल तर खालच्या अंगालाच थांबा. टॉर्क पान्हा नसेल तर की आखूड धरा, लांब बाजूला लोंबकळू नका. स्क्रूंची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी भोसकून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर टेकतो आणि केसिंग फोडतो.

आणि हो, कव्हर काढताना ऑइल पंपाची नळी सोडली असेल तर बसवल्यावर त्यातली हवा काढा. ते विसरलं तर ऑइल न मिळून पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो, मग क्लच प्लेटा राहतील बाजूला.

बुडखे नाहीच फिरले तर कव्हर काढलेल्या अवस्थेतला फोटो टाका. नट वेल्ड करायचा की आणखी काही, ते बघून सांगतो.